परवाना कोणाला?

तारनाक्याच्या चौकात उभे राहिले की एका बाजूला उस्मानिया विद्यापीठाचा पसारा लागतो आणि दुसऱ्या बाजूला लालागुड्याची रेल्वे वसाहत. पुढे मेट्टुगुडा ओलांडले की सिकंदराबाद. डोक्यावरून २०१७ पासून मेट्रो धावते, खाली आरटीसी इस्पितळाकडे वळणाऱ्या रिक्षांची रोजची कोंडी असते. आज हा सारा टापू एकाच शहराचा आहे. १९३०च्या दशकात तसा नव्हता. सिकंदराबादची छावणी आणि रेल्वेची जमीन ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलाखाली होती, तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे चालत. विद्यापीठाची दगडी इमारत उभी राहत होती ती निजामाच्या मुलखात, निजामाच्या फर्मानांखाली. पायी फिरायला निघालेला माणूस सकाळच्या रपेटीत एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जाऊन परत येऊ शकत होता.

खांद्यावर बंदूक असेल तर हा प्रश्न गमतीचा राहत नसे.

शस्त्रबंदीची चर्चा निघाली की आपल्याकडे लगेच अमेरिकेची उदाहरणे येतात. तिथल्या घटनेची दुसरी दुरुस्ती, शाळांमधले गोळीबार, २००८ आणि २०२२ मधले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. हैदराबादला मात्र या बाबतीत कोणाकडे पाहण्याची गरज नाही. कोणी शस्त्र बाळगावे आणि कोणी खाली ठेवावे यावरून या शहरात सव्वादोनशे वर्षे झगडा चालू आहे. त्यात फ्रेंच तोफखाना आहे, अरब जमादार आहेत, वासुदेव बळवंत फडके आहेत, लातूरचा एक वकील आहे आणि उस्मानियात कायदा शिकलेले एक न्यायमूर्तीही आहेत. प्रत्येक वेळी कायदा बंदुकीबद्दल बोलतो आणि ठरवतो मात्र माणसाबद्दल: सरकारचा भरवसा कोणावर आहे एवढेच.

सुरुवात अ‍ॅबिड्सजवळच्या गनफाउंड्रीपासून करावी लागते. आज हे नाव बस थांब्यापुरते आणि स्टेट बँकेच्या मोठ्या शाखेपुरते उरले आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी निजाम अली खानाच्या पदरी असलेल्या मिशेल रेमाँ या फ्रेंच सेनानीने इथे तोफा ओतल्या. त्याच्या हाताखालची कवायती फौज १४ हजारांच्या घरात गेली होती. मार्च १७९८ मध्ये रेमाँ वारला, मुसारामबागेजवळच्या टेकडीवर त्याची कबर आजही आहे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. तहातली मुख्य अट होती ती फ्रेंच पलटणी मोडण्याची. निजामाने टंगळमंगळ केली, पण रेसिडेंटचे काम पाहणारा जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक हटला नाही. पगार थकल्याने शिपाई आधीच बिथरले होते, त्यांनी स्वतःच्याच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवले. २२ ऑक्टोबर १७९८ रोजी इंग्रजांनी छावणीला वेढा घातला आणि रक्त न सांडता त्या हजारो लोकांकडून शस्त्रे खाली ठेवून घेतली.

दक्षिणेतली ही पहिली मोठी शस्त्रबंदी. ती इतकी सुरळीत पार पडली, कारण ज्यांची शस्त्रे काढायची ते एका ठिकाणी होते, एका हुकमाखाली होते आणि उपाशी होते. पुढच्या कोणत्याही सरकारला हे तिन्ही योग एकत्र साधले नाहीत.

फ्रेंच गेले तरी शहर निःशस्त्र झाले नाही. दख्खनच्या दरबारांनी पिढ्यान्‌पिढ्या अरब आणि रोहिल्यांना नोकरीवर ठेवले होते. पेशवाई बुडताना नागपूरला आणि मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांना शेवटपर्यंत झुंजवले ते याच अरबांनी. हैदराबादेत त्यांचे जमादार फौजेचा पगार पुरवत, मग सरकारलाच व्याजाने पैसा देत. तो फिटेना तेव्हा तालुके आणि किल्ले त्यांच्याकडे गहाण पडले. सावकाराच्याच हातात बंदूक असेल तर वसुलीला कोर्टाची गरज नसते. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने गहाण तालुके एकेक करून सोडवले, अरबांची प्रकरणे पाहण्याची वेगळी व्यवस्था लावली आणि जमादारांनाच त्यांच्या माणसांचे जामीनदार केले. त्याने सगळ्यांची शस्त्रे काढली नाहीत. ते त्याला शक्य नव्हते आणि ते तो जाणून होता. आज हैदराबादच्या दक्षिण टोकाला बारकस नावाची वस्ती आहे. तिथे त्याच हद्रमी अरब शिपायांचे वंशज राहतात.

सालारजंगाच्या अडचणीची कल्पना दोन प्रसंगांवरून येते. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन काही शे रोहिल्यांना घेऊन कोठीच्या रेसिडेन्सीवर चालून गेले. तोफांपुढे तो हल्ला टिकला नाही. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला, अलाउद्दीनची रवानगी अंदमानला झाली. मग मार्च १८५९ मध्ये दिवाण सालारजंग आणि रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन दरबार आटोपून बरोबरच बाहेर पडत असताना जहांगीर खान नावाच्या माणसाने त्यांच्यावर कारबाईन झाडली. नेम चुकला. तो तलवार उपसून धावला आणि तिथेच कापला गेला. दरबाराच्या दाराशी, देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थानाच्या दिवाणापासून हातभर अंतरावर, भरलेली कारबाईन घेऊन माणूस उभा राहू शकत होता आणि कोणाला त्यात वावगे वाटले नव्हते. त्या काळच्या हैदराबादेत शस्त्र हा पोशाखाचा भाग होता.

ब्रिटिश मुलखात मात्र १८५७ नंतर हवा पालटली. आधी निःशस्त्रीकरणाचे तात्पुरते कायदे आले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय बंदूक, तलवार, दारूगोळा बाळगणे गुन्हा ठरला. त्यातून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन वगळले गेले. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. वंशावर आधारलेली ती सूट काढायला सरकारला पहिले महायुद्ध संपेपर्यंत वेळ मिळाला नाही.

कायदा आला आणि वर्षभरात त्याची हद्द दिसली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाला सुरुवातीला रामोशांचा आधार होता. १८७९ च्या मे महिन्यात दौलतराव नाईक मारला गेल्यावर फडके श्रीशैलला गेले आणि तिथून निजामाच्या मुलखात रोहिले व अरब जमवायच्या खटपटीला लागले. ब्रिटिश हद्दीत माणूस आणि हत्यार दोन्ही मिळणे अवघड झाले होते. निजामाच्या हद्दीत दोन्ही भाड्याने मिळत होते, फक्त पैसा हवा होता. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी गावी एका देवळात फडके झोपेत पकडले गेले. पकडणाऱ्या मेजर डॅनियलच्या सोबत होता हैदराबादचा पोलीस अधिकारी अब्दुल हक. शस्त्र कायदा सरहद्दीवर संपत होता, पोलिसांची दोस्ती मात्र सरहद्द ओलांडून जात होती. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात फडक्यांचा अंत झाला.

तीस वर्षांनी पुन्हा निजामी मुलखात राहणारा एक मराठी तरुण या कायद्याला वळसा घालून गेला. अनंत कान्हेरे औरंगाबादला शिकत होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने कलेक्टर जॅक्सनवर ज्या ब्राउनिंग पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, ते लंडनहून आले होते. सावरकरांनी तिथे मिळवलेली वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या दुहेरी तळात दडवून मुंबईला पोचली. १८७८ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या ओसरीवरची ठासणीची बंदूक तेवढी हिशेबात आली होती. लंडनमध्ये उघड मिळणारे नवे कोरे पिस्तूल आगबोटीच्या सामानातून आले आणि तपासणी नाक्यावर कोणाच्या नजरेस पडले नाही. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी गेले.

निजामाच्या राज्यात विसाव्या शतकात बंदोबस्ताची दुसरी तऱ्हा सुरू झाली. १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशान ५३’ने सभा भरवायला पूर्वपरवानगी सक्तीची केली. मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी हा आकडा एखाद्या शिवीसारखा असे. त्याच सुमारास आखाड्यांवरही बंधने आली. दंडबैठका, लाठीकाठी, जोर मारणे याला परवानगी लागू लागली आणि १९३८-३९ च्या आर्य समाज सत्याग्रहात ही एक ठळक तक्रार होती. बंदुकीचा परवाना मागायला जाण्याची ऐपत ज्यांची नव्हती, त्यांच्या लाठीलाही परवाना हवा झाला. तारनाक्याला लागून असलेल्या उस्मानिया विद्यापीठातून १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणणारी मुले काढून टाकली गेली. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

याच काळात पुढे रझाकारांचा नेता झालेला कासीम रझवी लातूरला वकिली करत होता.

१९४६ ते १९४८ हा हैदराबादच्या शस्त्रकथेचा सर्वांत दाट भाग आहे आणि तो एकाच बाजूने सांगता येत नाही. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात विसनूर देशमुखाच्या माणसांनी झाडलेल्या गोळीने शेतकरी चळवळीतला दोड्डी कोमरय्या मारला गेला. तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या हातात तोवर काठ्या आणि गोफणी होत्या. त्यांनी बंदुका मिळवल्या त्या देशमुखांच्या गढ्यांतून आणि पोलिसांकडून हिसकावून. दुसरीकडे रझवीच्या रझाकारांना राज्याचा उघड आशीर्वाद होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर सशस्त्र शिबिरे उभारली. उमरखेड आणि बार्शीच्या बाजूने तरुण रात्री निजामाच्या हद्दीत उतरत, नाकी जाळत आणि पहाटेपर्यंत परतत. ही शिबिरे मुंबई आणि मध्य प्रांताच्या मुलखात होती, तिथे १८७८ चा शस्त्र कायदा पूर्ण लागू होता. त्याखाली त्यांतल्या बहुतेकांना अटक करता आली असती. प्रांतिक सरकारांनी काणाडोळा केला आणि मराठवाड्याने त्यांना आजवर त्याबद्दल दुवाच दिला आहे.

दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातल्या वाटाघाटीही पुष्कळ अंशी शस्त्रांवर अडल्या. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. हैदराबादला आपल्या फौजेसाठी हत्यारे आणि दारूगोळा हवा होता, भारताने पुरवठा रोखून धरला. जून १९४८ पर्यंत चाललेल्या मसुद्यांमध्ये निजामाच्या सैन्याची मर्यादा आणि रझाकारांचे विसर्जन हे मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. ते जमले नाही. मग सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक मैदानात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीवरून विमान उडवून हेरगिरीची छायाचित्रे काढणारा हा गडी आता लँकास्ट्रियन विमानांतून कराचीहून रात्रीची हत्यारे आणून हैदराबादच्या मुलखात उतरवू लागला. भारताची नाकेबंदी जमिनीवर कडेकोट होती, आकाशात तिला भगदाड होते. पुढे इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला भरला गेला आणि त्याला २०० पौंड दंड झाला. एका संस्थानाला युद्धसामग्री पुरवण्याची ही किंमत म्हणजे त्याला लॉटरीच लागली.

२१-२२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. रझाकारांविरुद्ध लिहिले हा त्यांचा गुन्हा. तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हुकमतीखाली भारतीय फौजा ‘पोलीस कारवाई’च्या नावाखाली आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो. त्या दिवशीच्या भाषणांत पुढचे काही आठवडे सहसा येत नाहीत.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात राज्यात फिरून जे पाहिले, ते अहवालात लिहिले. तो अहवाल पुढे दशकानुदशके दडपून ठेवला गेला. पोलीस कारवाईदरम्यान आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा समितीचा अंदाज होता. सर्वांत जास्त पोळलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्यांतले दोन आजच्या महाराष्ट्रात आहेत. अहवालातला एक मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा आहे. मुसलमान गावकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेतली गेली, हिंदूंकडची पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांबद्दल समितीला शंका नव्हती. पण ज्या गावात एकाच बाजूची हत्यारे जमा होतात, तिथे शस्त्रबंदी दुसऱ्या बाजूला मोकळे रान देते. भारतीय फौजेने अनेक ठिकाणी मुसलमानांना वाचवले हेही त्याच अहवालात आहे. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही मिळूनच त्या हिवाळ्याचे चित्र पुरे होते.

सुंदरलाल समिती मराठवाड्याच्या गावांतून फिरत होती, त्याच दिवसांत दिल्लीत घटना समितीपुढे बंदुकीचा प्रश्न आला. १ आणि २ डिसेंबर १९४८ रोजी मूलभूत स्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा होती. हरि विष्णू कामत आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले गृहस्थ, मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले. त्यांनी दुरुस्ती मांडली, की शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या स्वातंत्र्यांत घालावा. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात तो होताच. ज्या काँग्रेसने चाळीस-पन्नास वर्षे शस्त्र कायद्याला गुलामीची खूण म्हटले, तिने सत्तेवर आल्यावर शब्द पाळावा एवढीच त्यांची मागणी.

डॉ. आंबेडकरांनी ती फेटाळली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आजच्या काळात महत्त्वाचे आहे ते शस्त्र धरण्याचे कर्तव्य. हक्क दिलाच तर तो दरोडेखोराला आणि गुन्हेगार ठरलेल्या जमातींनाही मिळेल, आणि मग कोणाला द्यायचा नि कोणाला नाही हे सरकार कसे ठरवणार? दुरुस्ती पडली. जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा तेव्हा अजून अमलात होता. आंबेडकरांच्या तोंडून त्याचा असा उल्लेख यावा हे वाचताना खटकते. तरीही हैदराबादच्या ताज्या अनुभवानंतर त्या सभागृहात कामतांच्या बाजूने बहुमत होणे शक्यच नव्हते. राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आला नाही. अपवाद एकाच गोष्टीचा: कलम २५ च्या स्पष्टीकरणात शिखांचे कृपाण. तारनाक्याहून निघून नांदेडच्या हुजूर साहिबाला जाणाऱ्या यात्रेकरूच्या कमरेला ते असते आणि त्याला परवाना लागत नाही.

शस्त्रांचा विषय घटनेने केंद्राच्या सूचीत टाकला. इकडे तेलंगणात शेतकऱ्यांच्या लढ्यातल्या कम्युनिस्टांच्या तुकड्यांनी पोलीस कारवाईनंतरही बंदुका खाली ठेवल्या नव्हत्या. जमीनदार परत येतील ही भीती त्यांना होती आणि ती निराधार नव्हती. लष्कराने तीन वर्षे जंगले पिंजून काढली. अखेर ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला. काही महिन्यांनी झालेल्या पहिल्या निवडणुकीत रावि नारायण रेड्डी नलगोंड्यातून नेहरूंपेक्षाही जास्त मतांनी निवडून आले. बंदुका का टाकल्या गेल्या याच्या उत्तरात हा निकालही धरायला हवा.

१९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. जुन्या कायद्याचा जाच कमी करावा, पापभीरू नागरिकाला स्वसंरक्षणासाठी किंवा पिकाच्या राखणीसाठी बंदूक मिळावी, असा त्याचा घोषित हेतू होता. कागदावर तो उदार आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण सार्वजनिक शांततेच्या किंवा सुरक्षेच्या दृष्टीने नाकारता येतो, आणि हे शब्द किती ताणायचे ते परवाना देणारा अधिकारी ठरवतो. हैदराबाद शहरात तो पोलीस आयुक्त.

न्यायालयांनी या जागेत दोन्ही बाजूंनी खेळून पाहिले. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्कंडेय काट्जूंनी निकाल दिला, की साधी बंदूक बाळगण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्येच अंतर्भूत आहे आणि अर्ज वेळेत निकाली निघाला नाही तर परवाना मिळाल्याचे मानावे. उत्तर प्रदेशात अर्जांची झुंबड उडाली असती. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने काही वर्षांत तो निकाल रद्द ठरवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच म्हटले: अमेरिकेसारखा शस्त्राचा हक्क इथे नाही. सरकारच्या बाजूलाही कुंपण आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २७(३) खाली फाशी सक्तीची होती, ती २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

राजकारणाची मर्यादा २०१९ मध्ये सगळ्यांना दिसली. १९८३ पासून एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. दुरुस्ती विधेयकात केंद्र सरकारने हा आकडा एकवर आणायचे ठरवले होते. पंजाब, राजस्थान आणि इतर ठिकाणांहून, सर्व पक्षांतून, विरोध झाला. वाडवडिलांची बंदूक घराण्याची इभ्रत असते, नेमबाजांचे काय, सरहद्दीवरच्या शेतकऱ्याने काय करायचे. डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक मंजूर झाले तेव्हा एकच्या जागी दोन झाले होते. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्यांसाठी नवी शिक्षा त्याच कायद्यात आली. आणि कोडगू जिल्ह्यातल्या कोडवांना ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली परवान्याची सूट कायम राहिली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली.

‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हाच्या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये भारतात नागरिकांकडे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या. त्यांतल्या नोंदणी झालेल्या होत्या ९७ लाख. म्हणजे संसदेत एक की दोन यावर जी रणधुमाळी झाली, ती सातांतल्या एका बंदुकीबद्दल होती. उरलेल्या सहा गावठी कट्ट्यांच्या आणि चोरवाटांच्या जगात आहेत, तिथे नूतनीकरणाची तारीख नसते.

हैदराबादने परवान्यांच्या पलीकडचाही प्रयोग करून पाहिला. ऑक्टोबर २००४ मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डींच्या सरकारने माओवाद्यांना शहरात चर्चेला बोलावले. एस. आर. शंकरन हे निवृत्त सनदी अधिकारी आणि त्यांची ‘कन्सर्न्ड सिटिझन्स’ समिती काही वर्षे त्यासाठी झटत होती. चर्चेच्या टेबलावर जमीनवाटप होते, लोकशाही हक्क होते. गाडी अडली ती एका साध्या दिसणाऱ्या मुद्द्यावर: चर्चा चालू असताना माओवाद्यांचे दलम, म्हणजे तुकडी, गावात शिरेल तेव्हा खांद्यावर बंदूक असेल की नसेल? सरकार म्हणे, बंदूक घेऊन फिरणे बेकायदा आहे. माओवादी म्हणत, बंदूक ठेवून फिरलो तर दुसऱ्या दिवशी चकमकीत मारले जाऊ. आंध्र पोलिसांच्या चकमकींचा लौकिक पाहता या युक्तिवादाला जोर होता. जानेवारी २००५ मध्ये माओवादी बाहेर पडले आणि पुन्हा गोळीबार सुरू झाला.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये सरकारने उलटी वाट धरली. माओवाद्यांविरुद्ध चाललेल्या सलवा जुडूमच्या काळात आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर खटल्यात ही भरती घटनाबाह्य ठरवली आणि वाटलेली शस्त्रे परत घ्यायला सांगितले. खंडपीठात न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी होते, तारनाक्याशेजारच्या उस्मानियातून १९७१ मध्ये कायद्याची पदवी घेतलेले. शस्त्रबंदीच्या खटल्यांत आरोपी नेहमी नागरिक असतो. इथे सरकारलाच सांगावे लागले, की तुम्ही कोणाच्याही हातात बंदूक देऊ शकत नाही. छत्तीसगडने त्याच वर्षी नवा कायदा करून त्याच तरुणांना साहाय्यक सशस्त्र दलात घेतले. न्यायालयाचा अवमान झाला अशी तक्रार गेली आणि तेरा वर्षे पडून राहिली. मे २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली: विधानसभेला कायदा करण्याचा अधिकार आहे आणि कायदा करणे म्हणजे अवमान नव्हे.

सामान्य परवानाधारकाची गाठ या साऱ्याशी पडते ती निवडणुकीच्या हंगामात. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो आणि शस्त्र जमा करावे लागते. मग ठाण्यात म्हातारे परवानाधारक आपापल्या बाराबोअर बंदुका गवसणीत घालून येतात. हवालदार नळीवरचा क्रमांक परवान्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहतो, काडतुसे मोजून नोंदवहीत लिहितो, दोरीने चिठ्ठी बांधतो आणि पावती देतो. बँकेचे रखवालदार आणि नेमबाज यांना त्यातून सूट मिळते. निकालानंतर साधारण आठवड्याने बंदुका परत मिळतात.

एका परवानाधारकाने याला आव्हान दिले होते. सरसकट सगळ्यांना शस्त्र जमा करायला लावता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या प्रकरणात सांगितले. ज्याच्यावर गुन्हे आहेत, जो जामिनावर आहे, ज्याचे नाव पूर्वी निवडणुकीच्या दंगलीत आले आहे, अशांची छाननी करावी आणि माणूस पाहून निर्णय घ्यावा. निवडणूक आयोगाने त्यावरून प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या. नियम आता तसा आहे. पण आचारसंहितेच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही पोलीस ठाण्याला माणसे तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना बोलावून घेणे सोपे जाते. आदेश बहुधा सरसकटच निघतो आणि ज्याला ते मान्य नसेल त्याने सूट मिळण्यासाठी समितीकडे अर्ज करायचा असतो.